वन टन आणि वरची खोली : घाटात अडकलेल्या दाराचं प्रकरण

अणुस्कुरा घाट चढून वर आलो, चहासाठी ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला आणि ट्रकच्या मागे बसवलेल्या राहायच्या खोलीचं दार उघडेना. पुढचं डावं चाक कडेच्या दगडावर चढलं होतं. मी कडी धरून दोनदा ओढलं. आप्पांनी माझा हात बाजूला केला आणि दाराच्या वरच्या फटीकडे पाहिलं. बिजागरीच्या बाजूला कागदही जाणार नाही इतकं दार घट्ट बसलं होतं, दुसऱ्या बाजूला मात्र बोट जाईल एवढी फट. ते म्हणाले, "दाराला काही झालं नाही. घर पिळलंय."

ट्रक सपाट जागेवर आणला तसं दार आपोआप सुटलं. मग आप्पा खाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. चेसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, डाव्या तुळईवर, आमच्या वेल्डिंगला लागून, नखाएवढी चीर गेली होती.

त्या चिरेपर्यंत आम्ही कसे पोचलो आणि तिथून परत कसे आलो, हे सविस्तर लिहिते आहे. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवते. आप्पा माझे थोरले काका. अठरा वर्षं ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यांत्रिकी दलात, वाहन दुरुस्तीवर होते. चूक आम्हा दोघांची होती, आणि ती नेमकी कुठे झाली हे सांगितल्याशिवाय बाकीच्या कामाला अर्थ नाही.

गाडी कोणती

राजापूरजवळच्या एका चिरेखाणीत, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे काढतात त्या खाणीत, हा ट्रक नऊ पावसाळे उभा होता. निस्सानचा एक टनी. लष्करात आणि डिस्पोजलच्या, म्हणजे लष्करानं काढून टाकलेल्या मालाच्या, बाजारात त्याला 'वन टन' म्हणतात. 1960च्या दशकात निस्सानच्या परवान्यानं हे ट्रक आपल्याकडे बनू लागले. जबलपूरच्या कारखान्याचं नाव ज्यामुळे घरोघरी पोचलं ती 'जोंगा' ही लष्करी जीप याच घराण्यातली. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या नावाच्या आद्याक्षरांवरून जोंगा हा शब्द झाला. दोघांचं इंजिनही एकच, सहा सिलिंडरचं, 3956 सीसीचं पेट्रोल इंजिन. ही गोष्ट आमच्या फार कामाला आली, कारण जोंगाचे हौशी मालक महाराष्ट्रात बरेच आहेत आणि त्यांच्यामुळे या इंजिनाचे सुटे भाग अजून हिंडून मिळतात.

आमच्या ट्रकच्या माहितीपट्टीवर 1978 साल होतं. लष्करातून तो लिलावात निघाला, मग लाकडाच्या व्यापाऱ्याकडे आणि शेवटी खाणीवर. मुलकी नोंदणी आधीच झालेली होती, पुस्तक जिवंत होतं. ते नसतं तर आम्ही हातच घातला नसता. जुनी लष्करी गाडी घेताना इंजिनाआधी कागद बघावेत. जाम इंजिन सोडवता येतं. हरवलेला कागद सोडवायला कोणतं तेल घालणार?

आप्पांनी सेवेत असले ट्रक शेकड्यांनी उघडले होते. निवृत्तीनंतर गावात त्यांचा वेळ बागेत आणि पंप दुरुस्तीत जायचा. काकी गेल्यापासून ते फारसे बोलत नव्हते. त्यांना फिरायचं होतं, पण लॉजमध्ये राहायचं नव्हतं. "आपली खाट आपल्याबरोबर असली की झोप लागते," एवढंच ते म्हणाले होते. ट्रकवर उतरवता येणारी खोली ठेवायची कल्पना माझी.

मीठ

चेसी सुटी करून मांगरात (शेतावरच्या शेडमध्ये) आणली तेव्हा वरून ती बरी दिसत होती. कोकणात वरून बरं दिसणाऱ्या लोखंडावर विश्वास ठेवू नये. जिथे पत्र्यावर पत्रा बसतो, रिवेट मारलेले असतात, क्रॉस मेंबर, म्हणजे आडवा दांडा, चेसीला भेटतो, तिथे खारं पाणी एकदा शिरलं की निघत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या मध्ये तो पाचरीसारखा काम करतो. आमच्या मागच्या दोन क्रॉस मेंबरचे पत्रे असे फुगले होते. आप्पांनी हातोडीचा टोला दिला की खणखणीत ऐवजी बद्द आवाज यायचा. तेवढे रिवेट उडवून, पत्रे बदलून पुन्हा नट-बोल्टनं बसवले.

सँड ब्लास्टिंग, म्हणजे दाबानं वाळू मारून गंज काढणं, जानेवारीत केलं, मुद्दाम. आमच्याकडे हवा त्यातल्या त्यात कोरडी असते ती तेव्हाच. तरीसुद्धा सकाळी पांढरी झालेली चेसी संध्याकाळपर्यंत ठिकठिकाणी पिवळसर पडली. डोळ्यांना लोखंड स्वच्छ दिसतं, पण त्याच्या बारीक खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं, आणि मिठावर मारलेला रंग वर्षा-दोन वर्षांत फोड धरतो. म्हणून गोड्या पाण्यानं धुऊन, वाळवून आम्ही एक परीक्षा लावली. बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात कापूस भिजवून तो चेसीवर फिरवायचा, पिळून ते पाणी परीक्षानळीत घ्यायचं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. मीठ असेल तर पाणी दुधाळ होतं. पहिल्या धुण्यानंतर ताकासारखं झालं. दुसऱ्यानंतर धुरकट. तिसऱ्यानंतर नितळ राहिलं, तेव्हा पुन्हा हलकं ब्लास्टिंग करून त्याच दुपारी जस्ताचा इपॉक्सी प्रायमर मारला. किनाऱ्यावर गाडी रंगवणाऱ्या प्रत्येकाला ही परीक्षा मी आग्रहानं सांगते. खर्च जवळपास नाही, आणि हिच्यावाचून बाकीचा सगळा खर्च धोक्यात असतो.

इंजिनाबद्दल थोडक्यात. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून आठ दिवस ठेवलं, मग हँडलनं थोडं पुढे थोडं मागे. पाच सिलिंडर सुटले, सहाव्यात पाणी गेलं होतं, तिथे लायनर बसवावा लागला. हेड उघडलंच होतं म्हणून व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घेतल्या. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं. ते पेट्रोल 2000 साली देशात बंद झालं, आणि शिशाचा थर नसला की जुन्या सीट झिजून व्हॉल्व्ह आत रुतत जातात. आता पंपावर मिळतं त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला सोसत नाही आणि हवेतलं पाणीही ओढून घेतं. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलला, आणि पावसाळ्यात गाडी उभी करताना टाकी व कार्बोरेटरमधली फ्लोटची वाटी रिकामी करायची हा नियम केला. ब्रेक ऑइलही असंच पाणी ओढतं, ते दर वर्षी बदलतो.

रंगाचा दिवस

केबिनवरचा पिवळा खरवडला, त्याखाली निळा निघाला, आणि त्याखाली ऑलिव्ह ग्रीन. दारावर अगदी पुसट आकडे होते आणि आकड्यांच्या आधी वर रोखलेला बाण. लष्करी गाडीचा नंबर असा बाणानं सुरू होतो. आप्पांनी खरवडणी खाली ठेवली आणि त्यावर हात फिरवत उभे राहिले. मला वाटलं ते आता ओळखीचा युनिट सांगतील. त्यांनी काहीच सांगितलं नाही.

त्यांना ट्रक पुन्हा त्याच रंगात हवा होता. तो देता आला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 121वा नियम स्पष्ट आहे : संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणतंही वाहन ऑलिव्ह ग्रीन रंगवता येत नाही. मी नियम छापून घेऊन गेले होते, पण त्यांना दाखवायची वेळ आली नाही. "बरोबर आहे," ते म्हणाले, "तो रंग ज्यांचा त्यांचाच." ट्रक राखाडी झाला. हत्यारपेटीच्या झाकणाची आतली बाजू तेवढी खरवडायची राहिली, ती दोघांनीही मुद्दाम राहू दिली.

कागदांचा दुसरा प्रश्न खोलीचा. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे. पण त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात लागते, आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. आमचा ट्रक वयातही बसत नव्हता आणि हेतूतही नाही. मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम गाडीत मनाजोगे बदल करण्यावर मर्यादा घालतं. म्हणून पहिल्या दिवसापासून ठरवलं की मूळ हौदा हलवायचा नाही, नोंदणी पुस्तकातलं वर्णन बदलेल असं काही करायचं नाही, आणि खोली हौद्यात ठेवलेलं, उतरवता येणारं सामान राहील. आराखडा घेऊन परिवहन कार्यालयात आधी दाखवून आलो, विमा कंपनीलाही कळवलं. गाडी चालू असताना खोलीत कुणी बसायचं नाही, ही अट आमच्या घरात आप्पांच्या नातवंडांनासुद्धा आहे.

पहिली खोली, आणि चूक

पहिली खोली टेम्पोच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारागिरानं केली. चौकोनी लोखंडी पाइपचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवूड. काम सफाईदार होतं. चिऱ्यांच्या गाड्या मोजतात त्या वजनकाट्यावर ती भरली 620 किलो. गाडीचं नावच वन टन. त्यात पाणी, गॅस, बॅटरी, अंथरुणं, भांडी आणि आम्ही दोघं, म्हणजे हाताशी काहीच उरत नव्हतं.

पण वजनापेक्षा मोठी चूक बांधणीत होती. खोली हलू नये म्हणून आम्ही दोन्ही बाजूंनी तीन-तीन असे सहा लोखंडी पाय काढले आणि ते हौद्यातून खाली नेऊन थेट चेसीच्या वरच्या पट्टीला वेल्ड केले. इथे दोन पापं एकदम झाली. चेसीच्या लांब तुळईच्या उभ्या भिंतीच्या मध्यावर ताण सगळ्यांत कमी असतो, वरच्या-खालच्या पट्ट्यांवर सगळ्यांत जास्त. त्या पट्ट्यांना भोक पाडू नये आणि वेल्डिंगचा चटका तर देऊच नये. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. आप्पांनाही ते पाठ होतं. तरी खोली 'पक्की' हवी या एका शब्दापायी आम्ही ते केलं. पक्कं म्हणजे न हलणारं, हे घराच्या बाबतीत खरं आहे. ट्रकच्या बाबतीत ते खोटं आहे.

अशा ट्रकची चेसी शिडीसारखी असते, दोन लांब तुळया आणि आडवे दांडे. खडबडीत जागी चारही चाकं जमिनीला टेकलेली राहावीत म्हणून ती जाणूनबुजून पिळू दिलेली असते. एक चाक दगडावर चढलं की पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, थोडं घेतात, उरलेलं चेसी स्वतःला पीळ देऊन घेते. त्यावर सहा ठिकाणी जखडलेली खोली बसवली की खोलीलाही पिळावं लागतं. सहा भिंतींची बंद पेटी पिळायला तयार नसते. मग जिथे भोक मोठं, म्हणजे दार, तिथे ती आधी हार मानते. अणुस्कुऱ्यात दार अडकलं ते यामुळे. दार हे पहिलं लक्षण, पुढच्या कोपऱ्यातली पत्र्याची चीर हे दुसरं, चेसीवरची चीर तिसरं. चौथ्याची वाट न बघता आम्ही ताशी वीसच्या वेगानं घाट उतरून परत आलो.

पीळ मोजणं

परत आल्यावर आप्पांनी खोली उतरवली. चीर संपते तिथे बारीक भोक पाडून ती थांबवली, जोडून घासून घेतली, आणि उभ्या भिंतीला आतून पट्टी बोल्ट केली. सहाही पाय कापून टाकले. मग आम्ही सुरुवातीलाच करायला हवं होतं ते केलं.

खळ्यात ट्रक उभा केला. पुढच्या डाव्या चाकाखाली एकावर एक दोन चिरे, मागच्या उजव्या चाकाखालीही तसेच. हौद्याच्या चार कोपऱ्यांतून कर्णावर दोन दोऱ्या ताणल्या. सपाट जागी दोऱ्या मध्यावर एकमेकींना टेकत होत्या. चाकं चिऱ्यांवर चढल्यावर त्यांच्यात फट पडली. हौद्याच्या लांबीत चेसी सव्वा इंच पिळत होती. रिकाम्या ट्रकमध्ये, दोनच चिऱ्यांवर. आप्पांनी ती फट चिमटीत धरून मला दाखवली. एवढ्याशा मापासाठी आम्ही सगळं मोडायला निघालो होतो.

उपाय नवा नाही. परदेशी लष्करी ट्रकांवर रेडिओच्या, रुग्णांच्या पेट्या बसवताना जगभर वापरतात तोच : तीन टेकू. तीन पायांचं स्टूल कसल्याही जमिनीवर डुगडुगत नाही आणि त्याची बैठकही पिळत नाही. मागे, मागच्या ॲक्सलच्या वर, दोन बाजूंना दोन टेकू. पुढे, केबिनच्या मागे, मधोमध एकच, आणि तोही गाडीच्या लांबीत बसवलेल्या पिनेवर डावी-उजवीकडे डोलणारा. चेसी हवी तितकी पिळो, खोली मागच्या दोन टेकूंच्या पातळीत राहते आणि पुढची पिन फिरते. पिन लेथवर करून घेतली, पितळी बुशात बसवली, ग्रीसचं निपल ठेवलं. तिन्ही टेकू हौद्याच्या तळातून क्रॉस मेंबरना बोल्ट केले. चेसीच्या पट्टीला हात लावला नाही.

त्याचे परिणाम मात्र पुढपर्यंत जातात. खोली आणि केबिन आता वेगवेगळ्या हलतात, तेव्हा त्यांच्यात पुरेसं अंतर हवं. आम्ही चार इंच ठेवलं. वायरिंग आणि नळ्या त्या फटीतून ढील देऊन न्याव्या लागतात. खोलीचं सगळं वजन तीनच जागी येतं, म्हणून खोलीचा तळ स्वतःच्या बळावर उभा राहणारा हवा. आणि वळणावर पुढचा टेकू खोलीला आधार देत नाही, ती कलू नये हे काम मागच्या दोघांचं, म्हणून जड सामान खाली आणि मागच्या ॲक्सलच्या आसपासच ठेवायचं.

होडीवाले मिस्त्री

असा तळ आणि हलकी भिंत कोण करणार? उत्तर आमच्या खाडीवरच होतं आणि आम्हाला ते एक वर्ष सुचलं नाही. साखरी नाट्याला फायबरच्या होड्या बांधणारे मिस्त्री आहेत. होडी म्हणजे काय, तर खाऱ्या पाण्यात राहणारी, सारखी आपटणारी, हलकी पेटी. त्यांना आराखडा दाखवला, तर त्यांनी पहिल्यांदा माझे काटकोन खोडले. "कोपरा गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यात पाणी बसतं आणि चीर तिथूनच निघते." दुसरं, त्यांनी तळाला चार भोकं मागितली. मी म्हटलं, पाणी आत येऊच द्यायचं नाही ना? ते म्हणाले, "येणारच ताई. जायला वाट ठेवा."

फायबरच्या दोन थरांत फोम, तळाला उंडीच्या लाकडाचे बत्ते. उंडी आमच्याकडे होडीच्या वाकासाठी, म्हणजे आतल्या बरगड्यांसाठी, पूर्वापार वापरतात. बत्त्यांना काजूच्या टरफलाचं तेल पाजलं. हे तेल हाताला लागलं तर फोड येतात, हातमोज्यांशिवाय त्याला शिवू नये. पण पाणी आणि वाळवी दोन्ही त्यापासून लांब राहतात. ॲल्युमिनियम पूर्ण टाळलं, कारण खाऱ्या हवेत त्यात स्टीलचा स्क्रू मारला की स्क्रूभोवती पांढरी भुकटी धरून पत्रा खातो. पहिल्या खोलीत एका पावसाळ्यातच तसे चट्टे पडले होते.

दुसरी खोली 340 किलो भरली. छत पांढरं, समोरासमोर दोन जाळीच्या खिडक्या आणि छताला झाकणाचा झरोका, कारण आमच्याकडे थंडीपेक्षा दमट हवेशी भांडण आहे. गॅसची पाच किलोची टाकी बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याचं भोक तळाशी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, वरच्या झरोक्यानं तो जात नाही. पाण्याची टाकी 80 लिटरची, खाटेखाली. पहिल्या खोलीतली फडताळं आणि दार तेवढं नव्या खोलीत आलं. दार मी मुद्दाम तेच लावून घेतलं.

तपासणी

पुन्हा तेच चार चिरे, तीच दोन चाकं, या वेळी खोली वर चढवून आणि पाण्याची टाकी भरून. चेसी पिळली. पुढची पिन फिरताना दिसली, केबिनमागची फट एका बाजूला पावणेतीन इंच झाली, दुसरीकडे सव्वापाच. मी दार उघडलं, लावलं, परत उघडलं. आप्पा आतल्या खाटेवर बसले होते. त्यांनी फडताळावर पाण्याने भरलेला पेला ठेवला होता आणि तो बघत होते.

त्यानंतर अणुस्कुरा दोनदा झाला, आंबा घाट एकदा, आणि किनाऱ्यावरच्या आंबोळगडला तर महिन्याकाठी जाणं होतं. ट्रक वरच्या कातळावर उभा करतो, पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, उतरवत नाही. रुतण्याची भीती आहेच, आणि तीनदा धुतलेलं मीठ परत कोण लावून घेईल? पेट्रोल तो भरपूर पितो, त्यावर आमच्याकडे इलाज नाही. डिझेल इंजिन बसवा असं बरेच जण सांगतात. तो नोंदणीत बदल होतो, आणि आप्पांना या इंजिनाचा आवाज हवा आहे.

एक गोष्ट अजून मनासारखी नाही. मागच्या डाव्या टेकूखालचा रबराचा पॅड दुसऱ्यांपेक्षा लवकर दबतो आहे. पाण्याची टाकी त्याच बाजूला आहे, बहुधा तेच कारण. मेअखेर, पाऊस लागायच्या आत, खोली चेन कुप्पीनं मांगरातल्या वाश्याला टांगून उतरवू तेव्हा टाकी मध्यावर सरकवायची आहे. पिनचं ग्रीस आप्पा दर फेरीनंतर स्वतः भरतात. भरून झालं की दार एकदा उघडून लावून बघतात, आणि मगच हात धुतात.